ग्लेनफिनन हॉलमध्ये मावत नाही काका, पण भट्टीची सायडिंग मावेल

पत्र (थोडं कापून) :

"दादा नमस्कार. वय ६१, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो, डोंबिवलीत दोन बेडरूमचा फ्लॅट. मुलगा एडिनबरोला असतो, गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तीन महिने राहून आलो. त्याने फोर्ट विल्यमहून मॅलेगच्या गाडीत बसवलं, ग्लेनफिननचा पूल पाहिला आणि मी कामातून गेलो. ग्लासगोच्या म्युझियममध्ये १२३ नंबरचं निळं इंजिन पाहिलं, येताना त्याचंच हॉर्नबीचं सेकंडहँड मॉडेल आणलं, शिवाय 'स्मोकी जो' लिहिलेलं एक छोटं काळं इंजिन, एक चॉकलेटी-क्रीम डबा, चार वाघिणी आणि रुळांचा सेट. तेव्हापासून रोज रात्री स्कॉटलंडच्या रेल्वेचा इतिहास वाचतोय, टे ब्रिजवर तर झोप उडाली. हॉलच्या आठ फुटी भिंतीला लागून ग्लेनफिनन करायचाय, जमलं तर फोर्थ ब्रिज पण. पण छोटं इंजिन सांध्यावर (एका रुळाचे दोन रूळ फुटतात तिथे) आलं की थांबतं, बोटाने ढकलावं लागतं, पावसाळ्यात तर दोन्ही इंजिनं रुसली. हिचं म्हणणं दिवाळीपासून आपण डायनिंग टेबलवर जेवलो नाही. कट्ट्यावरचे मित्र म्हणतात साहेबाची रेल्वे कशाला, कोकण रेल्वे कर. मी सांगतो स्कॉटलंड म्हणजे साहेब नाही, पण ते हसतात. या वयात हे खूळ सोडून द्यावं का? की पुढे जावं, आणि जावं तर कसं?"
– डोंबिवलीचा स्कॉटिश काका

काका,

आधी उठा आणि डायनिंग टेबल रिकामं करा. खरंच सांगतोय, पुढचं नंतर वाचा. काकूंचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उरकलंय आणि तीच ओळ अख्ख्या पत्रात सगळ्यात मुद्द्याची आहे, कारण त्या छंदाबद्दल काही बोलतच नाहीयेत, टेबलबद्दल बोलतायत. दिवाळीपासून म्हणजे किती महिने झाले मोजा जरा. माणूस टीव्हीसमोर मांडीवर ताट घेऊन इतके दिवस जेवतो आणि तरी फक्त एवढंच म्हणतो, म्हणजे सहनशक्ती आहे काकूंची. रूळ सुटे करा, जुन्या टॉवेलात गुंडाळा, इंजिनं त्यांच्या खोक्यात ठेवा, आणि आज रात्रीचं जेवण टेबलवर. तुमचं जे काही व्हायचंय ते भिंतीवर होणार आहे, टेबलवर नाही, तेव्हा तसाही तो पसारा तिथून जायचाच होता.

झालं? आता ग्लेनफिनन.

तुम्ही आठ फुटी भिंत म्हणालात म्हणून मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. खरा पूल ३८० मीटर लांब आहे, २१ कमानी, उंची ३० मीटर. हॉर्नबीचं तुमचं सामान ओओ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या ७६ व्या भागाएवढं. भागाकार केला की पूल पाच मीटर होतो, सोळा फुटांच्या वर. म्हणजे निम्मा पूल तुमच्या हॉलमध्ये आणि उरलेला शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये. बरं तो सरळ पण नाही ना, त्याची सगळी मजा त्या वळणात आहे, आणि ते वळण स्केलमध्ये आणलं तर त्रिज्या तीन मीटरच्या पुढे जाते, तुमच्या सेटमधलं नेहमीचं वळण अर्ध्या मीटरच्या आतलं असतं. फोर्थ ब्रिजचं तर बोलूच नका, २४६७ मीटरचा पूल ओओमध्ये बत्तीस मीटर होतो, आपल्या लोकलचे दीड डबे. आणि उंची जवळजवळ दीड मीटर, काकूंच्या खांद्याला लागेल.

निम्म्याअधिक कमानी कमी करून, आखडून, 'साधारण तसा' पूल करणारे लोक आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण तुम्ही ज्या पद्धतीने पत्र लिहिलंय त्यावरून मला वाटतं तुम्हाला तो आखडलेला पूल रोज टोचेल. तुम्ही तो खरा पाहिलाय, वरून गेलाय.

आणि तुम्हाला एक गंमत माहीत असेल नसेल, तो पूल नुसत्या काँक्रीटचा आहे, आत लोखंडी सळई नाही. रॉबर्ट मॅकअल्पाइन नावाचा कंत्राटदार, त्याला लोक 'काँक्रीट बॉब'च म्हणायचे, १८९७ ला काम सुरू झालं आणि १ एप्रिल १९०१ ला मॅलेगपर्यंत गाडी गेली. कितीतरी वर्षं तिथे सगळे सांगायचे की बांधकामाच्या वेळी घोडा गाडीसकट पोकळ खांबात पडला आणि तो अजून ग्लेनफिननच्या आत आहे. मग १९८७ ला खांबांत भोक पाडून कॅमेरा सोडला तर घोडा नाहीच. पुढे २००१ मध्ये रडार लावून बघितलं तेव्हा तो सापडला, पण त्याच लाइनवरच्या दुसऱ्याच एका पुलात, लॉख नान उआव्हच्या. म्हणजे गोष्ट खरी, पत्ता चुकीचा. बिचारा घोडा शंभर वर्षं दुसऱ्याच्या नावावर जमा होता.

हे मी उगाच सांगत नाहीये. तुमचं तसंच चाललंय. तुम्ही रोज रात्री वाचता आणि रोज रात्री पत्ता बदलतो. सोमवारी ग्लेनफिनन, मंगळवारी फोर्थ, बुधवारी टे ब्रिज. टे ब्रिजचं मी समजू शकतो, २८ डिसेंबर १८७९, रविवारची रात्र, वादळ, मधले उंच गर्डर कोसळले आणि गाडी आख्खी खाली, एकही माणूस वाचला नाही, पूल उघडून दीड वर्ष फक्त झालेलं. आणि तुम्ही तिथे पोचलाच असाल की ते २२४ नंबरचं इंजिन नदीतून बाहेर काढलं, दुरुस्त केलं, आणि ते १९१९ पर्यंत चाललं, लोकांनी त्याला नाव पाडलं 'डायव्हर'. इतकी काळी थट्टा फक्त रेल्वेवाल्यांनाच सुचते. जुन्या पुलाच्या खांबांचे खुंट आजही नव्या पुलाच्या बाजूला पाण्यात दिसतात. वाचा, जरूर वाचा, पण जे जे वाचलं ते ते करायला गेलात तर दहा वर्षांनी घरात फक्त खोकी असतील. मी अशी घरं पाहिली आहेत. एक माझंच होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की इतिहासाचा उपयोग चाळणीसारखा करा. एक जागा, एक साल. बस. त्यात जे बसत नाही ते कितीही आवडलं तरी दुकानातच राहू द्यायचं. पैसे पण वाचतात हो, आणि कस्टमची कटकट पण.

आता कुठली जागा. १९२३ च्या आधी स्कॉटलंडमध्ये पाच मोठ्या कंपन्या होत्या हे तुम्हाला माहीतच असेल : कॅलेडोनियन, नॉर्थ ब्रिटिश, ग्लासगो अँड साउथ वेस्टर्न, हायलँड, आणि ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड. कॅलेडोनियनचे निळे, तुमचं १२३ त्यातलंच, १८८६ चं, एकच मोठ्या चाकांची जोडी, सात फूट व्यासाची, १८८८ मध्ये रेल्वे कंपन्यांची लंडन ते एडिनबरो शर्यत लागली त्यात कार्लाइल ते एडिनबरो गाडी ओढणारं. नॉर्थ ब्रिटिशवाले त्यांचे जानी दुश्मन, टे आणि फोर्थ दोन्ही पुलांवरून धावायचे ते हेच. या सगळ्यांच्या गर्दीत शेवटची कंपनी कोणाच्या लक्षात राहत नाही, ग्रेट नॉर्थ ऑफ स्कॉटलंड. नाव केवढं आणि जीव केवढा. अ‍ॅबरडीनच्या आसपासची कंपनी, खरं तर उत्तरेला टोकापर्यंत कधी गेलीच नाही, हायलँडने वाट अडवून ठेवलेली. पण या कंपनीकडे एक लाइन होती जी मला वाटतं देवाने खास छोट्या फ्लॅटवाल्यांसाठी बनवली.

स्ट्रॅथस्पे लाइन. स्पे नदीच्या काठाकाठाने, क्रेगेलाखीपासून बोट ऑफ गार्टनच्या दिशेने, १८६३ ला सुरू झालेली. एकेरी रूळ, छोटी छोटी स्टेशनं, आणि दर काही मैलांवर एक व्हिस्कीची भट्टी. आपल्याकडे भट्टी म्हटलं की पोलिसांची धाड आठवते, तिथे भट्टीला स्वतःची सायडिंग असायची, म्हणजे मेन लाइनवरून फुटलेला बाजूचा रूळ. काहींकडे तर स्वतःचं इंजिन. डेलुएन आणि बॅल्मेनाख या दोन डिस्टिलऱ्यांकडे आपापलं छोटं टँक इंजिन होतं, किल्मारनॉकच्या अँड्र्यू बार्कले कंपनीने बनवलेलं, चार चाकांचं, डोक्यावर पाण्याची टाकी खोगिरासारखी टाकलेली. असल्या इंजिनाला स्कॉटलंडमध्ये 'पग' म्हणतात. सकाळी ते निघायचं, स्टेशनच्या यार्डात मेन लाइनच्या मालगाडीने सोडलेल्या वाघिणी उचलायचं, भट्टीत नेऊन लावायचं, भरलेल्या परत आणायचं. दिवसभर हेच.

बघा काय काय येतं-जातं तिथे. आत येतो कोळसा, उघड्या वाघिणीत. आत येतं बार्ली, म्हणजे जव, बंद डब्यात किंवा हॉपरमध्ये. आत येतात रिकामी पिंपं. बाहेर जातात भरलेली पिंपं, आणि बाहेर जातो धान्याचा चोथा, गुरांना घालायला. एकाच सायडिंगवर चार तऱ्हेच्या वाघिणी, प्रत्येकीला जायची जागा वेगळी. मॉडेल करणाऱ्याला अजून काय पाहिजे. ग्लेनफिननवरून गाडी जाते आणि संपते, पंधरा सेकंदांचं काम. इथे दुपार जाते.

आणि इमारत. डेलुएनलाच १८८९ मध्ये चार्ल्स डॉइग नावाच्या आर्किटेक्टने धान्य वाळवायच्या भट्टीवर ते देवळाच्या शिखरासारखं छप्पर पहिल्यांदा बसवलं, धूर नीट ओढून घ्यायला, आणि पुढे सगळ्या स्कॉटलंडने ते उचललं. लांबून बघितलं की पॅगोडाच वाटतो. ते एक शिखर नुसतं भिंतीला टेकवून उभं केलं, मागची बाजू केलीच नाही, की बघणाऱ्याला न सांगता कळतं आपण कुठे आहोत. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, तो जाडसर पांढरा, त्याचं होतं. मी केलंय. चार तिरकस त्रिकोण कापायचे, खालच्या बाजूला किंचित बाक द्यायचा, तो बाक बोटाने नाही येत, पुठ्ठा ओला करून पेनावर गुंडाळून एक रात्र रबर लावून ठेवायचा, सकाळी उघडायचा. पाटीचा दगडी करडा रंग. पहिल्यांदा माझं शिखर मोदकासारखं झालं होतं, दुसऱ्यांदा जमलं.

साल कुठलं? १९६० चा उन्हाळा घ्या. सांगतो का. तुमचं १२३ खरं तर १९३५ लाच निवृत्त झालं होतं, स्पे नदीच्या बाजूला त्याचं काही काम पण नव्हतं. पण १९५८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने ते परत निळं करून चालवायला काढलं, कॅलेडोनियनच्या दोन जुन्या डब्यांसकट, आणि १९६५ पर्यंत ते हौशी लोकांच्या स्पेशल गाड्या घेऊन फिरायचं. त्याच्याबरोबर अजून तीन म्हातारी इंजिनं, हायलँडचं पिवळं जोन्स गुड्स, नॉर्थ ब्रिटिशचं ग्लेन डग्लस, आणि ग्रेट नॉर्थचं हिरवं गॉर्डन हायलँडर. म्हणजे तुमच्यासारख्याच रिटायर लोकांचा कट्टा. तर १९६० च्या उन्हाळ्यात एका रविवारी तुमच्या काल्पनिक स्टेशनात निळं १२३ नंबर स्पेशल गाडी घेऊन आलं, हे शपथेवर खरं नसलं तरी अशक्य पण नाही, आणि तेवढी सूट आपण घेऊ शकतो. बाकीच्या दिवशी तिथे काय? १९५८ पासून त्या लाइनवर रेलबस चालायची, एका डब्याची, चार चाकांची, डिझेलवर, एसटीला रूळ लावल्यासारखी. तिच्यासाठी १९५९ मध्ये नवे थांबे काढले, त्यातला एक 'इम्पीरियल कॉटेजेस', एक 'गिल्बीज कॉटेजेस', म्हणजे भट्टीत काम करणाऱ्यांच्या घरांपाशी. लाकडाची छोटी फळकुटं, बास, झाला प्लॅटफॉर्म. तरी पण नाहीच वाचली लाइन, १९६५ ला पॅसेंजर बंद, १९६८ ला माल बंद, आता त्यावरून चालायची वाट आहे. मुलाला सांगा पुढच्या वेळी तिथे घेऊन जा, गुडघे ठीक असतील तर.

आणि स्मोकी जो बसतो का यात? थोडा ओढून बसतो. तो मुळात कॅलेडोनियनचा पग, ५६०२५ नंबर, ग्लासगोच्या सेंट रोलॉक्स वर्कशॉपमधला शंटर, खरा स्मोकी जो कधी स्पे नदीकडे गेला नसेल. पण डिस्टिलरीने सेकंडहँड घेतला असं धरा, नंबर खोडा, दारावर भट्टीचं नाव लिहा. हा बारीक खोटेपणा सगळेच करतात. फक्त एक ऐका, हॉर्नबीचा तो स्वस्तातला चेसिस आहे, हळू चालवायला गेलं की धक्के खातो आणि जोरात गेला की रॉकेट. पुढे मागे पैसे झाले तर बार्कलेच्या पगचं नीट मॉडेल सेकंडहँड बघा, ते मुंगीच्या पावलाने चालतं. आत्ता नको.

आता आठ फुटांत मांडायचं कसं. गोल चक्कर विसरा. गोल घ्यायचा तर साडेतीन फुटांची रुंदी लागते, मग तो हॉल राहत नाही, गोडाऊन होतो. एक फूट रुंद, आठ फूट लांब फळी, भिंतीला ब्रॅकेटवर, जमिनीपासून चार-सव्वाचार फुटांवर. त्याच्या खाली काकूंचा सोफा राहतो जिथे आहे तिथेच. आठातले साडेचार-पाच फूट दिसणारं दृश्य, उरलेले तीन फूट एका पुठ्ठ्याच्या टेकडीमागे लपलेले, तिथे गाडी 'क्रेगेलाखीला' गेली असं समजायचं, म्हणजे हाताने वाघिणी बदलायच्या.

दिसणाऱ्या भागात फक्त तीन सायडिंग आणि दोन सांधे. यात एक जुना खेळ आहे, इंग्लंडमध्ये त्याला इंगलनुक म्हणतात. एका सायडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, बाकी दोनमध्ये तीन तीन, आणि इंजिनाच्या बाजूला इंजिन अधिक तीन वाघिणींची जागा. वाघिणी एकूण आठ. आठांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायची, वाटीत टाकायची, पाच काढायच्या, आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावायची, शंटिंग करून, हात न लावता. ऐकायला पोरखेळ. आठांतून पाच क्रमाने म्हणजे ६७२० वेगवेगळ्या गाड्या होतात, रोज एक केली तर अठरा वर्षं पुरेल. तुमच्याकडे चार वाघिणी आहेत, म्हणजे अजून चार घ्यायच्या, एवढीच खरेदी, आणि बुटक्याच घ्या, लांब बोगीवाल्या अजिबात नको, नाहीतर पाचच्या जागेत तीन मावतील. आणि चिठ्ठ्या काढायचं काम नातवाला द्या व्हिडिओ कॉलवर, तो एडिनबरोत बसून वाघिणीचं नाव सांगेल आणि तुम्ही डोंबिवलीत घाम गाळाल.

स्टेशनला नाव हवं. तिथल्या नावांचे अर्थ बघत चला, मजा येते. 'स्ट्रॅथ' म्हणजे नदीचं रुंद खोरं, 'ग्लेन' म्हणजे अरुंद दरी, 'इन्व्हर' म्हणजे जिथे नदी जाऊन मिळते ते ठिकाण. तुमच्या घराजवळून उल्हास नदी जाते. स्ट्रॅथउल्हास. मी बोलून गेलो, नाही आवडलं तर सोडा.

नकाशा पाहिजे असेल तर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने मोठे सर्व्हे नकाशे फुकट बघायला मिळतात. एका मैलाला पंचवीस इंचवाले उघडा. सायडिंग, सांधा, वजनकाटा, भट्टीच्या शेडची भिंत, सगळं रेघेरेघेत दिसतं. या नावांपासून सुरू करा, डेलुएन, क्रॉमडेल, बॅलिन्डॅलॉख. रात्रीचं वाचन करायचंच आहे ना, मग आता या नकाशांवर करा. आणि कंपनीवार हौशी संघटना आहेत तिकडे, ग्रेट नॉर्थवाल्यांची पण आहे. या लोकांना वाघिणीच्या दाराचा कडी-कोयंडा कुठल्या साली बदलला ते विचारा, आनंदाने सांगतात, तुम्ही डोंबिवलीहून विचारताय म्हटल्यावर दुप्पट सांगतील.

आता इंजिनं रुसण्याबद्दल, कारण मित्र काय म्हणतात यापेक्षा माणूस इथेच जास्त सोडून देतो.

स्मोकी जो सांध्यावर थांबतो कारण त्याला चाकं चार, आणि तुमच्या सेटमधल्या सांध्याचा मधला 'क्रॉसिंग'चा भाग प्लॅस्टिकचा आहे, तिथे करंट नाही. लांब इंजिनाची बाकीची चाकं धातूच्या रुळावर असतात म्हणून ते निघून जातं, आपला बुटका बरोबर त्याच जागी येऊन उपाशी बसतो. इलाज दोन. नवे सांधे घ्या ज्यांचा तो भाग धातूचा असतो, पेको कंपनीचे मिळतात, मुलाला बॅगेत टाकून आणायला सांगा. किंवा तोपर्यंत रूळ आणि चाकं आरशासारखी स्वच्छ ठेवा आणि सांध्यावर जरा वेगात न्या. पावसाळ्यात रुळांवर एक काळपट थर बसतो, बोट फिरवून बघा. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, जुन्या बनियनचा तुकडा बुडवून पुसा, चाकांना पण, कापडाचा तुकडा रुळावर टाकून इंजिनाची एका टोकाची चाकं त्यावर आणि दुसऱ्या टोकाची उघड्या रुळावर धरून चालवलं की चाकं आपोआप पुसली जातात. सँडपेपर लावू नका, चरे पडतात आणि चऱ्यात घाण बसते.

आणि तेल. इथे माझी लाज सांगतो. पहिलं इंजिन अडखळलं तेव्हा मी आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली आणि मोटरमध्ये उदारपणे सोडली, वंगण म्हणजे चांगलंच ना. दोन चकरा झकास, मग उदबत्तीसारखा धूर, मग शांतता. तेल जाऊन बसलं तांब्याच्या कम्यूटेटरवर, जिथून मोटरला करंट मिळतो, ब्रशचा कोळसा त्यात कालवला गेला, काळं काजळ झालं. अख्खी मोटर खोलून टूथपिकने ते काजळ फटीफटीतून काढावं लागलं. तेव्हा तेल टाचणीच्या टोकाने, एक थेंब, फक्त आसाच्या टोकांना. तुमची इंजिनं 'रुसली' म्हणताय, मला उगाच शंका येतेय की तुमच्या घरी पण शिलाई मशीन आहे.

फळीचं सांगायचं राहिलं. एमडीएफ घेऊ नका, काय सुबक दिसतं, पण आपल्या हवेत फुगतं. माझी पहिली फळी जुलैमध्ये एका जागी दोन मिलिमीटर वर आली, डोळ्याला दिसेना, पण प्रत्येक गाडी बरोबर तिथेच घसरायची, मी महिनाभर वाघिणींना दोष देत होतो. मरीन प्लाय, नऊ मिलिमीटर, खाली लाकडाची चौकट, सगळ्या बाजूंनी, खालून पण, रंगाचा हात. कंट्रोलर तिकडचा असेल तर पिन फक्त वेगळी आहे, व्होल्टेज आपल्यासारखंच, साधा अ‍ॅडॉप्टर चालतो.

कट्ट्यावरचे मित्र. 'साहेबाची रेल्वे कशाला' म्हणणाऱ्यांना विचारा, आपली कोणाची? बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, तेव्हा गव्हर्नर जनरल कोण, लॉर्ड डलहौसी, आणि भारतभर रेल्वे कुठून कुठे न्यायची ती टिपणं पण त्याचीच. तो स्कॉटिश. एडिनबरोच्या दक्षिणेला त्याचा वाडा आहे, डलहौसी कॅसल, बॉर्डर्स रेल्वे ट्वीडबँकला जाते ती त्याच भागातून, तुमचा मुलगा अर्ध्या तासात जाऊ शकतो. हाच तो ज्याने १८४८ ला सातारा खालसा केला, मग नागपूर आणि झाशी पण. एका हाताने काय दिलं आणि दुसऱ्या हाताने काय नेलं यावर कट्ट्यावर भांडण लावून द्या आणि चहा प्या.

दुसरं, तुम्ही ग्लासगोला गेलात ना, तिथे स्प्रिंगबर्न नावाचा भाग आहे. १९०३ मध्ये तिथल्या दोन आणि ग्लासगोतल्याच अजून एका कारखान्याची मिळून नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली, १९६२ ला बुडाली, पण मधल्या काळात तिने भारतात ढीगभर इंजिनं पाठवली. आपली डब्ल्यूजी, मालगाडीची ती दणकट काळी इंजिनं, त्यातली पहिली १९५० मध्ये याच कंपनीकडून आली. आपला रूळ साडेपाच फुटी, त्यांचा चार फूट साडेआठ इंच, मग ती इंजिनं त्यांच्या रुळावर चालणार कशी, तर रस्त्याने, ट्रेलरवर, ग्लासगोच्या गल्ल्यांतून क्लाइड नदीपर्यंत न्यायचे आणि क्रेनने जहाजात. ती फिनिस्टनची प्रचंड क्रेन अजून उभी आहे. तुम्ही म्युझियम पाहिलंत ते नदीकाठाने जरा पुढे, फोटोंमध्ये मागे कुठेतरी आली पण असेल, शोधा.

कोकण रेल्वे करायला पण माझी ना नाही. पण ओओच्या रुळावर आपली गाडी अरुंद दिसते, आपल्या ब्रॉडगेजला त्या स्केलमध्ये २२ मिलिमीटर रूळ लागतो आणि ओओचा आहे साडेसोळा, म्हणजे रूळ, चाकं, सगळं हाताने बनवा. शिवाय कोकण रेल्वे म्हणजे बोगदे. आठ फुटांत बोगदा केला तर दिसणार काय?

वयाबद्दल तुम्ही विचारलंत त्याला मी उत्तर देत नाही, तो प्रश्न पत्र संपवायला घातलाय तुम्ही.

आणि तो चॉकलेटी-क्रीम डबा. तो ग्रेट वेस्टर्नचा, लंडनपासून पश्चिमेला, ब्रिस्टल-कॉर्नवॉलकडचा, स्पे नदीशी त्याचं काही नातं नाही. फळीवर ठेवू नका. नातू येईल तेव्हा त्याच्या हातात द्या, तो कुठे रुळावरून नेणार आहे, लादीवरून घासत थेट किचनपर्यंत नेईल.